दोन सह्या

गेल्या महिन्यात बोईसरला एका लग्नाला गेले होते. पंगतीत माझ्या शेजारी नात्यातले एक गृहस्थ बसले होते. नाव लिहीत नाही, कारण ते हा ब्लॉग वाचतात आणि दर दिवाळीला चकल्याही पाठवतात. विषय निघाला त्यांच्या ओळखीतल्या एका कर्नलसाहेबांचा. 21 वर्षं नोकरी करून त्यांनी मुदतपूर्व निवृत्ती घेतली आणि पुण्यात एका कंपनीत लागले. गृहस्थ म्हणाले, "बघा, सरकारच्या पैशानं शिकायचं, सरकारच्या पैशानं देश बघायचा, आणि पेन्शन पक्की झाली की कंपनीत जाऊन बसायचं. हे कसले देशभक्त?"

मग वाढपी जिलबी घेऊन आला. जिलबी ताटात पडेपर्यंत यांचा विषय बदलला होता. "आमच्या नातवाला एनडीएत टाकायचा विचार आहे. इंजिनिअरिंगला किती लाख मोजावे लागतात हल्ली! तिथं सगळं फुकट, वर पक्की नोकरी."

मी तेव्हा काही बोलले नाही. लग्नाच्या पंगतीत वाद घालू नये, एवढं वळण आमच्या पिढीला आहे. पण डहाणू लोकलने उमरोळीला उतरेपर्यंत डोक्यात तेच घोळत होतं. एकाच माणसाला, एकाच ताटावर, लष्करी अकादमी हे फुकटचं कॉलेज वाटतं आणि तिथून बाहेर पडलेला अधिकारी जन्माचा ऋणको वाटतो. हे दोन्ही एकदम कसं खरं असेल?

हा विचार तसाच विरूनही गेला असता. पण पुढच्याच रविवारी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. तारापूर एमआयडीसीत शिफ्टमध्ये काम करतो. त्याची मुलगी बारावीला आहे आणि एनडीएची लेखी परीक्षा पास झाली आहे. भोपाळला एसएसबीच्या मुलाखतीचं बोलावणं आलंय. त्याच्या हातात लोकसेवा आयोगाच्या अधिसूचनेची छापील पानं होती, आणि त्यातल्या एका पानावर त्याने पेनाने खुणा केल्या होत्या.

"बाई, इंग्रजी मला वाचता येतं, पण हे इंग्रजी वेगळं आहे. यात मी कशावर सही करणार आहे ते सांगा."

मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेली. कायद्याचं इंग्रजी मलाही जड जातं. पण चष्मा, भिंग आणि शब्दकोश घेऊन पडवीत बसलो. दुपारचा चहा झाला, दिवेलागण झाली. आणि जे हाती आलं ते असं, की हा लेख लिहिल्यावाचून राहवलं नाही.

प्रबोधिनीत दाखल होण्याआधी पालकाला दोन कागदांवर सही करावी लागते.

पहिला कागद म्हणजे बाँड. त्याचा अर्थ साध्या मराठीत असा: मुलाने अर्जात खोटी माहिती दिली म्हणून, किंवा बेशिस्तीमुळे त्याला काढलं, किंवा त्याच्या हातातल्या कारणामुळे त्याने प्रशिक्षण अर्धवट सोडलं, किंवा शेवटी कमिशन देऊ केल्यावर ते नाकारलं, तर सरकारने त्याच्या प्रशिक्षणावर केलेला खर्च आणि त्याला दिलेले पैसे व्याजासकट परत करायचे. मुलगा आणि जामीनदार, दोघेही जबाबदार. सरकार कोणाहीकडून सगळी रक्कम मागू शकतं.

"किती, बाई?"

"आकडा कागदात नाही रे. सरकार ठरवेल तेवढा. झालेल्या खर्चापेक्षा जास्त नाही, एवढंच लिहिलंय."

तो जरा गप्प झाला. पण मी त्याला सांगितलं आणि इथेही सांगते, की हा पहिला कागद मला अन्यायाचा वाटत नाही. खडकवासल्याला 3 वर्षं आणि पुढे डेहराडून, एळिमला किंवा दुंडिगलच्या अकादमीचं प्रशिक्षण. राहणं, जेवण, पुस्तकं, गणवेश, औषधपाणी सगळं सरकारचं. त्या जागेसाठी लाखो पोरं परीक्षा देतात. जागा अडवून, शिकून, ऐनवेळी पाठ फिरवली तर खर्च मागणं वाजवी आहे. आपल्या तारापूरच्या कारखान्यांत ट्रेनी म्हणून लागणारी पोरंही बाँड लिहून देतात. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेचा 3 वर्षांचा, 2 लाखांचा बाँड वैध ठरवला. महाराष्ट्रात सरकारी महाविद्यालयातून डॉक्टर होणाऱ्यांनाही सेवेचा बाँड असतो. घेतलं तर द्यावं, हा आपल्या घरातलाच नियम आहे. शेजारून वाटीभर साखर आणली तर वाटी रिकामी परत जात नाही.

म्हणून "फुकट" म्हणणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं. फुकट काहीही नाही. पहिली 3 वर्षं पगारही नाही. उलट खिशातला खर्च घरून पाठवायचा असतो. प्रशिक्षणाच्या शेवटच्या टप्प्यात सेवा अकादमीत गेल्यावर दरमहा 56,100 रुपये विद्यावेतन सुरू होतं. पदवी मिळते ती दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची. नौदल-हवाईदलाच्या मुलांना बी.टेक. असतं, पण पायदळाकडे जाणारा मुलगा बी.एस्सी. होतो, नाहीतर माझ्यासारखा बी.ए. तेव्हा फुकटात इंजिनिअर होईल या हिशोबाने नातवाला तिकडे पाठवणाऱ्यांनी आधी हे पान वाचावं. हिशोब तिथेच चुकतोय.

आता पुढची वाट. ती आपल्या नातेवाईक मंडळींना नेमकी ठाऊक नसते, आणि म्हणूनच पंगतीत असली वाक्यं पडतात.

एनडीएतून निघालेल्याला कायमस्वरूपी कमिशन मिळतं. सेनेत लेफ्टनंट म्हणून सुरुवात, 2 वर्षांनी कॅप्टन, 6 वर्षांनी मेजर, 13 वर्षांनी लेफ्टनंट कर्नल. इथपर्यंत वर्षं भरली आणि परीक्षा वगैरे पार पडल्या की बढती मिळते. त्यापुढे कर्नल होण्यासाठी निवड मंडळ बसतं आणि वाट एकदम अरुंद होते. ब्रिगेडियर, मेजर जनरल, लेफ्टनंट जनरल... प्रत्येक पायरीवर माणसं गळतात. मनोज नरवणे एनडीएतून निघून डिसेंबर 2019 मध्ये लष्करप्रमुख झाले, त्याचा आपल्या सगळ्यांना अभिमान आहे. पण एका तुकडीत शेकड्यांनी मुलं असतात आणि लष्करप्रमुखाची खुर्ची एक असते. कर्नल 54 व्या वर्षी घरी येतो. शाळामास्तर 58 पर्यंत शिकवतो!

आणि सोडून जायचं म्हटलं तर? राजीनामा खिशात ठेवून फिरता येत नाही. लष्करी कायदा 1950 चा. त्यातलं 18 वं कलम सांगतं की सैन्यातला प्रत्येक जण राष्ट्रपतींच्या मर्जीपर्यंत पदावर असतो. मुदतपूर्व निवृत्तीसाठी अर्ज करायचा. तो मंजूर करायचा की नाही, हे सरकार ठरवणार. अधिकाऱ्याला पेन्शनसाठी 20 वर्षं सेवा भरावी लागते. राज्यघटनेच्या 33 व्या कलमाप्रमाणे त्याचे काही मूलभूत हक्कही संसद आखडते करू शकते. 1977-78 साली महाराष्ट्रात राज्य कर्मचाऱ्यांचा 54 दिवसांचा संप झाला, त्यात आम्ही शिक्षकही होतो. घोषणा दिल्या, घसा बसला, आणि पुन्हा वर्गात जाऊन फळ्यावर तारीख लिहिली. सैनिकाला हे करता येत नाही. त्याला संघटना काढता येत नाही, संप करता येत नाही, बदलीला नाही म्हणता येत नाही.

मग 21 वर्षं हे सगळं पाळून, रीतसर अर्ज करून, सरकारने मंजुरी दिल्यावर जो माणूस बाहेर पडतो, त्याने कोणाचं काय बुडवलं? बाँडमध्ये जे लिहून दिलं ते पहिल्याच दिवशी, कमिशन स्वीकारलं तेव्हा फिटलं. पेन्शनसाठी जेवढं ठरलं होतं तेही फिटलं. वरची जागा आपल्याला मिळणार नाही हे बहुतेकांना चाळिशीत कळतं, आणि तेव्हा घरात मुलं दहावी-बारावीला असतात. केंद्र सरकारचंच एक पुनर्वसन महासंचालनालय आहे. निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्यांना ते आयआयएमसारख्या संस्थांत अभ्यासक्रम करायला पाठवतं, म्हणजे बाहेर त्यांना काम मिळावं. सरकार ज्याला स्वतः कंपनीच्या दारापर्यंत सोडतं, त्याला आपण लग्नाच्या पंगतीत पळपुटा म्हणतो. आपल्यातल्या किती जणांनी 21 वर्षं बदलीला नाही म्हटलेलं नाही? मी स्वतः एकदा बदली रद्द करून घ्यायला तीन हेलपाटे घातले होते, तेही वीस मैलांवरच्या गावासाठी.

अल्प मुदतीच्या कमिशनची गोष्ट तर आणखी वेगळी. पदवीनंतर चेन्नईच्या अकादमीतून साधारण वर्षभराच्या प्रशिक्षणाने जे अधिकारी होतात, त्यांची सेवा 10 वर्षं, वाढवून मिळाली तर आणखी 4. चौदा वर्षं संपली की वय अडतीस-चाळीस. पेन्शनला 20 वर्षं हवीत, म्हणून पेन्शन नाही. ग्रॅच्युइटी घेऊन माणूस पुन्हा अर्ज लिहायला बसतो. 1992 पासून सैन्यात आलेल्या मुलींना बहुतेक शाखांत एवढीच वाट होती. 17 फेब्रुवारी 2020 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं तेव्हा त्यांना कायम कमिशनचा हक्क मिळाला. 2021 च्या ऑगस्टमध्ये न्यायालयानेच सांगितलं तेव्हा एनडीएची परीक्षा मुलींना खुली झाली. 2022 मध्ये पहिल्या 19 मुली दाखल झाल्या आणि 30 मे 2025 ला 17 जणींनी दीक्षान्त संचलन केलं. माझ्या विद्यार्थ्याच्या मुलीने तो व्हिडिओ इतक्या वेळा पाहिलाय की तिच्या धाकट्या भावाला आता बँडची धून पाठ आहे.

आता दुसरा कागद.

त्या दिवशी संध्याकाळी आम्ही इथे अडखळलो. मी तीनदा वाचला. मला वाटलं माझंच इंग्रजी चुकतंय. पालकाने लिहून द्यायचं असतं की मला पूर्ण कल्पना आहे, प्रशिक्षणात किंवा प्रशिक्षणामुळे माझ्या पाल्याला काही इजा झाली, किंवा त्या इजेवरच्या शस्त्रक्रियेत वा भूल देताना तो अपंग झाला अथवा दगावला, तर मला किंवा त्याला सरकारकडून कसलीही भरपाई किंवा अन्य मदत मागण्याचा हक्क राहणार नाही.

पुन्हा वाचा. हक्क राहणार नाही.

सरकार काहीच देत नाही असं नाही, तेही त्याच अधिसूचनेत आहे. प्रशिक्षणामुळे अपंगत्व आलं तर दरमहा 9,000 रुपये, आणि अपंगत्व शंभर टक्के असेल तर आणखी 16,200. कमी असेल तर त्या प्रमाणात. महागाईच्या हिशोबाने त्यात भर पडते. पण या रकमेला नाव आहे सानुग्रह. म्हणजे अनुग्रह! कृपा! मंदिराच्या पायरीवर जे मिळतं ते. कमिशन मिळालेला अधिकारी ड्युटीवर जायबंदी झाला तर त्याला अपंगत्व पेन्शन मिळते, माजी सैनिकाचा दर्जा मिळतो. त्याच मैदानावर, कमिशनच्या आठवडाभर आधी, पाठीचा कणा मोडलेल्या कॅडेटला तो दर्जा नाही. आठवडाभराच्या फरकाने एकाचा हक्क होतो आणि दुसऱ्यावर कृपा होते.

हे मी पडवीत बसून रचलेलं नाही. ऑगस्ट 2025 मध्ये अशा मुलांच्या हालांची बातमी वृत्तपत्रात आली आणि सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. न्यायमूर्ती नागरत्ना आणि न्यायमूर्ती महादेवन यांच्या खंडपीठाने सरकारला विचारणा केली. 1985 पासून सुमारे 500 कॅडेट वैद्यकीय कारणाने अकादम्यांतून घरी पाठवले गेले, असं त्या बातमीत होतं. हाती मिळत होते अपंगत्वाप्रमाणे महिना जास्तीत जास्त 40,000 रुपयांपर्यंत, आणि त्यांतले काही अंथरुणाला खिळलेले. न्यायालयाने विचारल्यावर त्याच महिन्याच्या अखेरीस संरक्षण मंत्रालयाने या मुलांना माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेत घेतलं. चांगलं केलं. पण चाळीस वर्षं लागली, आणि तीही कोर्टाने दार वाजवल्यावर! औषधपाण्याची सोय झाली म्हणून त्या कागदातला "हक्क नाही" हा शब्द पुसला गेला, असं होत नाही.

यावर आमच्या घरातच एक आक्षेप आला. माझा पुतण्या म्हणाला, "काकू, सैन्य म्हणजे धर्मादाय संस्था नाही. कॅडेट अजून अधिकारी झालेलाच नसतो. तो विद्यार्थी आहे. विद्यार्थ्याला पेन्शन कसली? उद्या पाय मुरगळला तरी लोक पेन्शन मागतील."

आक्षेप बिनबुडाचा नाही, म्हणून उत्तर देते.

पाय मुरगळला आणि पाय गेला, यातला फरक ठरवायला सैन्याचीच वैद्यकीय मंडळं आहेत. अपंगत्व किती टक्के आणि ते प्रशिक्षणामुळे आलं की नाही, हे सानुग्रह रकमेसाठीही तीच ठरवतात. मोजपट्टी तयार आहे. तीच लावून हक्क द्या, एवढंच म्हणणं आहे.

आणि "तो नुसता विद्यार्थी आहे" हे म्हणणं मला अजिबात पटत नाही, कारण पहिला कागद तसं म्हणत नाही. पहिल्या कागदात सरकार त्या सतरा-अठरा वर्षांच्या पोराशी पक्का करार करतं: तू आमचा, तुझ्यावर खर्च केलाय, आता पाठ फिरवलीस तर व्याजासकट वसूल करू. वसुलीच्या वेळी तो सैन्याचा असतो. जायबंदी झाला की दुसऱ्या कागदावर तो परका होतो, "अजून अधिकारी झालेला नाही" म्हणून. नाण्याच्या दोन्ही बाजू सरकारच्याच खिशात! चाळीतला घरमालकसुद्धा असा करारनामा लिहीत नाही.

नियम बदलता येत नाहीत असंही नाही. साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक, सातारा सैनिकी शाळेचे विद्यार्थी, 17 नोव्हेंबर 2015 ला कुपवाड्यात हुतात्मा झाले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांनी सैन्यात जायचं ठरवलं, तेव्हा त्यांचं वय मर्यादेबाहेर गेलेलं होतं. सरकारने ती अट शिथिल केली, आणि सप्टेंबर 2017 मध्ये त्या चेन्नईच्या अकादमीतून लेफ्टनंट होऊन बाहेर पडल्या. तेव्हा सरकारला कळलं होतं की नियम माणसांसाठी असतात. मग एका वाक्याचं प्रमाणपत्र काढून टाकायला काय हरकत आहे? मुलगी अकादमीच्या दारातून आत गेली त्या दिवसापासून ती सेवेत धरा. जसा बाँड त्या दिवसापासून, तसा हक्कही त्या दिवसापासून.

माझं दुसरं मागणं आपल्या राज्याकडे आहे, आणि ते अगदी स्वस्त आहे. महाराष्ट्रातली मुलं सैन्यात अधिकारी व्हावीत म्हणून सरकारने 1977 साली औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, सेवापूर्व प्रशिक्षण संस्था काढली. मुलींसाठी आता नाशिकलाही तशी संस्था आहे. दहावी झालेली, बरीचशी खेड्यापाड्यांतली मुलं तिथे जातात. त्यांच्या आईवडिलांसाठी हे दोन कागद सोप्या मराठीत छापून प्रत्येक शाळेच्या फलकावर का लावू नयेत? दोन पानांचं काम आहे. त्याशेजारी कायम कमिशन म्हणजे काय, अल्प मुदतीचं म्हणजे काय, पेन्शन कशाला आहे आणि कशाला नाही, हेही लिहा. आमच्या पालघरला हुतात्मा चौक आहे. 14 ऑगस्ट 1942 ला तिथे पाच जण गोळीबारात गेले. देशासाठी मरण्याची गोष्ट इथल्या पोरांना शिकवावी लागत नाही. त्यांना फसवून न्यायची मुळीच गरज नाही. सगळं नीट सांगितलं तरी ती जातील.

असो. माझ्या विद्यार्थ्याने शेवटी विचारलं, "मग बाई, वेळ आली तर सही करू की नको?"

मी काही बोलायच्या आत मुलगीच म्हणाली, "बाबा, पहिल्यावर तुम्ही बिनधास्त करा. दुसऱ्यावर करायलाच लागेल तर करा, पण तो मी नीट वाचलाय हे लक्षात ठेवा."

तिला भोपाळला जायचंय. गाडीचं तिकीट काढून झालंय. मी तिच्याबरोबर डब्यात रव्याचे लाडू देणार आहे.

आणि चकल्यावाल्या गृहस्थांना एवढंच, की नातवाला जरूर पाठवा. पण आधी अधिसूचना घेऊन माझ्याकडे या, पडवीत बसून वाचू. त्या कर्नलसाहेबांनाही बोलवा. त्यांनी 21 वर्षांत काय फेडलं, ते त्यांच्याच तोंडून ऐकू.